दुप्पट

पंचवीसचा व्यास हवा होता.
जॉबवर पंचवीस चाळीस उरले होते,
म्हणजे चाळीस काढायचे.
डायल चाळीसवर नेली, टूल लावलं,
किसाची निळसर वेटोळी ट्रेमध्ये पडत गेली
आणि वाटलं, जमलं.

व्हर्नियर म्हणालं, चोवीस साठ.

पुसून पुन्हा मोजलं. चोवीस साठ.
तिसऱ्यांदा मोजताना जबडे जरा सैल धरले,
तेवढी लबाडीही करून पाहिली.
चोवीस साठ.

आईच्या मशीनचं बरं असतं.
ती शिवणीच्या आत दोन बोटं कापड ठेवते
पंचवटीतल्या बायकांच्या पुढच्या दिवाळीसाठी.
चुकलं तर उसवते,
दोरा दातानं तोडते, नवा ओवते.
लोखंडाला उसवण नाही.
गेलं ते गेलं.

वर्कशॉपमध्ये एकवीस पोरं आणि मी.
"म्हटलं नव्हतं?" असं कुणीच म्हणालं नाही,
पण लेथच्या घरघरीतून मला ते ऐकू आलं.
जॉब रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला.
निकुंभ सरांना सांगितलं, सापडत नाहीये.
सर नुसतं "बरं" म्हणाले.

आयटीआय सिग्नलला बस मिळाली.
एवढासा तुकडा,
पण सीबीएस येईतो मांडी अवघडली.

गंगेवर लोक नाणं टाकतात, हात जोडतात.
मी पायरीवर उभी राहून
हात न जोडता टाकला.
डुबुक.
मागे वळलेसुद्धा.

"ओ ताई, तुमचं पडलं का काही?"

दोरीला लोहचुंबक बांधून
नाणी काढणारं एक पोरगं
कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं.
मी मान हलवली, नाही.
"मग भंगारात देतो."
त्याच्या तळहातावर चिखल गाळत
माझा चोवीस साठ,
आणि टोकाला माझ्याच हातानं ठोकलेला
माझा रोल नंबर, सतरा.

दहा रुपये मागितले त्यानं.
बाजारात दोन रुपयांसाठी भांडणारी मी,
घासाघीस न करता दिले.

सकाळी तो सरांच्या टेबलावर ठेवला.
रात्रीतून त्यावर तांबूस गंज उमटला होता.
"सापडला?"
"हरवला नव्हता, सर. टाकला होता."
त्यांनी मोजला, माझ्याकडे पाहिलं नाही.
"डायल चाळीस घेतलीस?"
"हो."
"जॉब फिरतो ना गं.
टूल एका बाजूनं आत जातं,
कापलं मात्र दोन्हीकडून जातं.
चाळीस घेतलेस, ऐंशी गेले."

पुढे काही मोठं बोलतील म्हणून थांबले.
सर चष्मा पुसत राहिले.
कालचं माझं "सापडत नाहीये"
ते एका बाजूनं बोलले होते,
किती कापलं गेलं, कुणी मोजलं?

"याचा आता चोवीस कर," सर म्हणाले,
"आणि वर आटे पाड.
किती घेशील?"

साठ काढायचे.
बोटं नकळत डायलवर साठकडे निघाली होती,
मध्येच थांबली.
"तीस."
सरांनी होही म्हटलं नाही, नाहीही.
फक्त स्विचपुढून बाजूला सरकले.

चोवीस शून्य शून्य.
तेजलला बोलावून तिच्याकडूनही मोजून घेतला.
ती फिटरची, लेथशी तिचा संबंध नाही,
तरी बघ म्हटलं.

मग आटे पाडताना
हाफ-नटचा दांडा घाईनं ओढला,
दुसरा आटा पहिल्यावर चढून बसला.
मागून कुणीतरी हसलं.
थोडं उशिरा, मीही.

वहीत तारीख घातली,
चाळीसची चूक लिहिली,
एक ओळ सोडली,
दांड्याची लिहिली.
खाली बरीच जागा होती.
ती तशीच ठेवली,
आईसारखी, दोन बोटं.